बुडाची चिंधी

१

मावशीचा दिवस टोपलीपासून सुरू होतो. चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, वेताची टोपली पायाशी ओढायची आणि कातरणं मांडीवर घेऊन निवडत बसायचं. गल्लीतले तीन टेलर आपापलं कातरण तिच्यासाठी पिशवीत भरून ठेवतात. त्यातलं सुती एकीकडे, जाड एकीकडे, निसरडं अस्तर परत पिशवीत. सुरकुत्या तळहाताने मोडायच्या आणि चौकोन कापायचे. मापाला टेप नाही, वीत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेला हात कापडावर टेकवायचा, नखाने रेघ ओढायची, मग कात्री. नखाचा तो खर्र आवाज मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यानंतर मी जागी झाले ती रोज या आवाजाने.

सहा वर्षं दूर शिकून मी परत आले ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन. काहीही वाया जाऊ द्यायचं नाही. कपड्यांच्या कारखान्यांमागे मी टेकड्या पाहिल्या होत्या, न वापरलेल्या कापडाच्या, पावसात कुजणाऱ्या. माझ्या वर्गातली बाकीची मुलं मोठ्या कंपन्यांत गेली. मी म्हटलं, मी घरी जाणार. जिथे हे काम कुणी न शिकवता पिढ्यान् पिढ्या चाललंय, तिथे बसून ते जगाला दाखवणार. आल्या आल्या ही निळ्या पुठ्ठ्याची वही केली. पहिली नोंद: मावशीची वीत, नऊ इंच.

"हात कशाला मोजतेस?" मावशी म्हणाली. "हातमोजे शिवणारेस का?"

"अभ्यास आहे, मावशी."

"माझ्या हाताचा अभ्यास! बघ रे, दादा."

दादा म्हणजे माझा मामा, तिचा थोरला भाऊ. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो आमच्याकडेच असतो. सहा फुटांच्या वर उंच. स्वयंपाकघरात जाताना मान कितीही वाकवली तरी चौकटीला डोकं घासतंच. तिथे तेलाचा एक काळा गोल पडलाय.

"चाळीस वर्षं पत्रं वाटली मी," मामा म्हणाला. "पत्ता चुकला की पत्र परत येतं. ही पण परत आली. आपणच पत्ता नीट लिहिला नसणार."

"गप बस. शिकून आलीय पोर."

"चिंध्यांचं शिकून आलीय. मग गेलीच कशाला? चिंध्या तर इथेच होत्या!"

त्या दिवशी टोपली झाडायला घेतली तेव्हा मावशीने माझा हात धरला. तळाशी एक तुकडा होता. राखी-निळा, जाडाभरडा, एका कडेला काज आणि ते उसवलेलं.

"ती राहू दे. ती बुडाची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती राहते. बाकी सगळं संपव. ती नाही."

"पण का?"

"मला जिने शिकवलं ती ठेवायची, म्हणून मी ठेवते. मी नाही विचारलं तिला. तुझ्यासारखी प्रश्न विचारायची शाळा नव्हती माझी, शहाणे."

मी वहीत लिहिलं: एक तुकडा, विनाकारण, शिल्लक.

२

वाचनालयाच्या सभागृहात माझं व्याख्यान ठरलं. त्यासाठी मी पहिली गोधडी स्वतः केली. नऊ ओळी, नऊ रकाने. ऐंशी चौकोन झाले आणि टोपलीत एकच तुकडा उरला.

मला दुसरं कापड मिळालं असतं. टेलरकडे जाऊन पिशवी आणली असती तरी चाललं असतं. पण मला रिकामी टोपली हवी होती. लोकांना दाखवायला. मी त्या दिवसांत असा विचार करत होते की जुन्या पद्धती आपण डोळसपणे तपासल्या नाहीत, तर त्यांच्यातलं चांगलंही आपल्याबरोबर मरून जाईल. हे वाक्य मी व्याख्यानात वापरलंसुद्धा.

मामा मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. मी राखी-निळा तुकडा चौकोनी केला, काज तसंच ठेवलं, आणि बरोबर मधोमध लावला. चारही बाजूंनी पांढरा धावदोरा. तासाभराचं काम. मग टोपली अंगणात नेऊन उलटी केली आणि बुडावर थापा मारल्या. धूळ, दोन टाचण्या आणि एक हुक पडला. मी फोटो काढला.

सभागृहात तो फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला. "तीन महिन्यांत या घरातून एक चिंधीही बाहेर गेलेली नाही," मी म्हटलं. टाळ्या वाजल्या. मावशी पहिल्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिची नजर फोटोवरून गोधडीवर गेली आणि तिथेच राहिली.

घरी येऊन तिने टोपली उचलून आत पाहिलं.

"अगदी संपवलंस?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि खूप वेळ हात धूत राहिली.

मी रागावण्याची वाट पाहत होते. वाद घालायला माझ्याकडे मुद्दे तयार होते. पण ती हात पुसून स्वयंपाकाला लागली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुढच्या खोलीतून खर्र ऐकू आलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले तर मावशी तिथेच होती, चहात साखर ढवळत.

टोपलीत एक तुकडा होता. फिकट कापडावर तपकिरी पानं. आमच्या खिडकीच्या पडद्याचं कापड.

पडदा खिडकीवरच होता. कापलेला नव्हता, फाटलेला नव्हता. फक्त आजवर त्याचे दोन पल्ले एकमेकांवर बोटभर यायचे, ते आता एकमेकांना टेकत नव्हते आणि फटीतून ऊन थेट शिवणाच्या मशीनवर पडत होतं. मी कड उलटून पाहिली. तीच जुनी दुमड, तीच पिवळी पडलेली शिलाई. लहानपणी मी या पडद्यावर शाई सांडली होती. तो डाग कडेपासून वीतभर आत होता, त्यावरून मी मार खाल्लाय. आता डाग अगदी कडेला होता, दुमडीला चिकटून.

धुतल्यावर कापड आटतं, मी स्वतःला सांगितलं. पण कापड आटतं तेव्हा त्यावरची पानंही आटतात. ही पानं आकाराने होती तेवढीच होती. संख्येने कमी झाली होती. आणि आटलेलं कापड टोपलीत येऊन पडत नाही.

"मावशी, हा तुकडा तू ठेवलास?"

"कुठला?" तिने पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. "टेलरच्या पिशवीतला असेल."

पिशवी आठवडाभर आणलीच नव्हती. ते आम्हा दोघींना माहीत होतं.

मी तुकडा सरळ कापून नव्या गोधडीला लावला. दुसरं काय करणार? कापड चांगलं होतं.

४

मग रोजच. चादरीचा तुकडा आला, आणि चादर गादीखाली खोचता येईना. उशीचा अभ्रा आला. पायपुसणं आलं. कुठेही छिद्र नाही, कुठेही कात्रीची खूण नाही. प्रत्येक वस्तू शाबूत, नीट शिवलेली, थोडी लहान. सकाळी आवाज यायचा, मी धावत जायचे, खोलीत कुणी नसायचं. मशीनखाली टोपली आणि टोपलीत तुकडा. मी तो शिवायचे, टोपली पुन्हा रिकामी व्हायची.

एकदा लाल-राखाडी चौकटीचा तुकडा आला. मामाचा शर्ट. मामा त्या वेळी तोच शर्ट घालून पेपर वाचत होता, आणि पोटावरच्या दोन बटणांमधून बनियन दिसत होता.

"मामा, शर्ट आटला का?"

"शर्ट नाही आटला, मी फुगलो. तुझी मावशी वाढताना हात आखडत नाही."

मी हसले. मला हसू आलं याचाच मला आधार वाटला. मामा विनोद करतोय म्हणजे घरात सगळं ठीक आहे.

चौकटीचे तुकडे येत राहिले. दहा-बारा दिवसांनी शर्ट मामाला पुन्हा बरोबर बसायला लागला. मी सुटकेचा श्वास टाकला. शर्ट सैल झाला, मी वहीत लिहिलं, आणि खाली रेघ मारली. त्याच दुपारी मामा ताट घेऊन स्वयंपाकघरात गेला. मान ताठ होती. केस चौकटीला लागले नाहीत. दोन पावलं पुढे जाऊन तो थांबला, मागे फिरला आणि वर तेलाच्या गोलाकडे बघत राहिला. त्याचा हात तिथपर्यंत पोचत होता, डोकं नाही.

"चौकट उंच केली का कुणी?" त्याने विचारलं. या वेळी तो विनोद करत नव्हता.

त्या संध्याकाळी मी त्याला त्याची नेहमीची गोष्ट सांगायला लावली. पत्राच्या पिशवीत कुत्र्याचं पिल्लू निघालं होतं ती. ती गोष्ट सांगताना तो स्वतःच इतका हसायचा की शेवट कधी ऐकूच यायचा नाही. त्याने माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं, पाहुण्याकडे पाहावं तसं.

"मी टपालात होतो?" तो म्हणाला. "बरं असेल ते काम. हिंडायला मिळत असेल."

५

मावशीचे चौकोन जुळेनात. नवे चौकोन जुन्यांशेजारी लावले की दोऱ्याला धरायला काठच उरत नव्हता.

"मावशी, माप चुकतंय तुझं."

"माझं? अगं, वीत कधी चुकते का? टेप चुकेल तुझा."

मी तिचा हात वहीवर टेकवून घेतला. सव्वाआठ इंच. पुन्हा मोजलं, टेप बदलून मोजलं. सव्वाआठ. बोटं वाकली नव्हती, सुजली नव्हती. हात सुंदर होता, नेहमीसारखा, प्रमाणात. तिच्या मनगटावर इस्त्रीच्या टोकाचा जुना डाग आहे. माझ्या शाळेचा पहिला गणवेश इस्त्री करताना मी मध्ये हात घातला, म्हणून तिने आपला हात घातला. तो डाग तळहातापासून दोन बोटं खाली होता. आता तळहाताच्या मुळाशी टेकला होता. पडद्यावरच्या शाईसारखा.

"मी सहा वर्षं इथे नव्हते तेव्हा तुला असं काही झालं होतं का? ताप, अशक्तपणा?"

"तू नव्हतीस?" ती हसली. "कुठे गेली होतीस? इथेच तर होतीस की. तुझ्या हाताखाली दोन मुली शिकल्या, त्यांतली एक डावरी होती." आणि तिने मला त्या सहा वर्षांबद्दल सांगितलं, वर्षामागून वर्ष, मी याच घरात होते असं. काही विसरलेलं माणूस मध्ये अडखळतं, चाचपडतं. ती कुठेच अडखळली नाही. जे गेलं होतं त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना आणून शिवल्या होत्या आणि शिवण दिसत नव्हती.

मी शिकलेली बाई आहे. पुराव्याशिवाय मी काही मानत नाही. पण पुरावा माझ्या वहीत माझ्याच अक्षरात होता: नऊ इंच, सव्वाआठ इंच.

मी पहिली गोधडी भिंतीवरून उतरवली आणि मधला राखी-निळा चौकोन उसवायला बसले. धावदोरा सहज निघतो. हा निघेना. एकेक टाका सुईच्या टोकाने तोडावा लागला, दुपार गेली. शेवटी तुकडा हातात आला तेव्हा मी त्याच्या जागी पडलेल्या भोकाकडे पाहिलं. भोक नव्हतं. आजूबाजूचे चौकोन एकमेकांना शिवलेले होते, माझ्याच पांढऱ्या दोऱ्याने. गोधडी एका चौकोनाने लहान झाली होती.

मी तुकडा टोपलीच्या बुडाशी ठेवला, त्याला हात जोडले. मी, जिने कधी कशाला हात जोडले नाहीत.

सकाळी तो होता तिथेच होता. आणि त्याच्यावर टोपली काठोकाठ भरली होती.

६

घरात आम्ही दोघीच असतो, मावशी आणि मी. त्यामुळे आज कोपऱ्यावरचा टेलर कातरणाची पिशवी घेऊन आला तेव्हा त्याचं बोलणं मला कळलंच नाही.

"मामा दिसत नाहीत हल्ली?"

"कोण मामा?"

"तुमचे मामा हो! उंच! परवापरवापर्यंत माझ्या दुकानात येऊन बसायचे. मला म्हणायचे, तू लोकांची मापं घेतोस, तुझं माप कोण घेतं?" तो हसला आणि माझं तोंड बघून थांबला. "काही वाईट तर नाही ना झालं?"

मी त्याला वाटेला लावलं आणि मावशीकडे गेले.

"मावशी, तुला भाऊ होता?"

"मला? नाही गं. आम्ही दोघी बहिणीच. तुझी आई आणि मी."

मग मी वही उघडली. पहिली पानं. मामा म्हणून एक माणूस त्यात आहे. बोलतो मजेदार. पत्ता चुकलेल्या पत्राचा विनोद वाचून मला हसू आलं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. मी हे कशाला लिहिलं असेल? व्याख्यानात रंगत यावी म्हणून एखादं पात्र रचलं असेल का? मी तसं करते का? मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. चौकटीच्या वरच्या अंगाला तेलाचा काळा गोल आहे, वहीत लिहिलाय तसा. दारामागे चपलांचा एक जोड आहे. त्यातल्या एका चपलेत माझी दोन्ही पावलं मावतात.

दुसऱ्या गोधडीत लाल-राखाडी चौकटीचे तुकडे आहेत. मी मोजले नाहीत. त्यांच्यावर गाल टेकवला. केसांना लावायच्या तेलाचा वास आला, आणि कापड कोमट होतं. मला रडू फुटलं. कुणासाठी ते मला अजून कळलेलं नाही.

कागद लहान होत नाही, एवढं एक कळलं. घरातलं कापड लहान होत जातं, माणसं होत जातात, डोक्यातलंही. वहीतलं नाही. म्हणून आता सगळं इथे लिहिणार.

मावशी. तिची वीत आज सव्वासहा इंच. उजव्या मनगटावर इस्त्रीच्या टोकाचा डाग. सुईत दोरा ओवताना जीभ ओठांच्या कोपऱ्यात. चहा बशीत ओतून पिते आणि कुणी पाहिलं की रागावते. मला शहाणे म्हणते, चिडली की जास्त. माझ्या आजारपणात तिने पलंगाशेजारी बसून एक अख्खी गोधडी केली होती, झोप येऊ नये म्हणून. तिच्या टाक्यांत कुठेकुठे डुलकी दिसते, तिथे ओळ वाकडी गेलीय. मावशी. मावशी. मावशी.

७

मी शिवणं बंद केलं. टोपली वाहायला लागली, ढीग जमिनीवर आला, मावशी तशीच कमी होत राहिली. म्हणजे शिवण्याने होत नव्हतं. ढीग पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकायला गेले आणि गाडीपाशी पोचल्यावर पाय हलेना. त्यात तिच्या घरातल्या गाऊनचे जांभळे तुकडे होते. फेकले तर ते कुठेतरी टेकडीवर पावसात कुजणार. शिवले तर निदान एकमेकांजवळ राहतील. मी पोतं परत आणलं.

टोपली उचलून बाहेर नेली आणि जाळली. वेत चटचटून जळला. घरात येऊन पाहिलं तर मशीनखाली तीच, तशीच, थोडी लहान. बुडाशी काज उसवलेला तुकडा.

मग मी तिला सांगायचं ठरवलं. मावशी मशीनपाशी पाटावर उभी होती. खुर्चीवर बसलं की तिचा हात आता मशीनला पोचत नाही.

"मावशी, माझ्यामुळे झालं हे. तू नको म्हणाली होतीस. बुडाची चिंधी मी वापरली. फोटोसाठी."

"कुठली चिंधी?"

"बुडाची. तू म्हणाली होतीस ती राहू दे."

ती थोडा वेळ आठवत राहिली. मग तिने माझ्या गालाला हात लावला. हात बाहुलीच्या हाताएवढा होता आणि सुईने खरखरीत झालेला.

"अगं, त्यात काय एवढं? एका चिंधीने काय होतं? वाया घालवू नये माणसाने. वापरलीस ते बरं केलंस."

माझ्यावर रागावू शकणारं एकच माणूस जगात होतं आणि त्याच्यातून ते रागावणंच गेलं होतं. क्षमा मागायला पुढे कुणी उरलं नव्हतं. ही समोरची छोटी बाई माझी पाठ थोपटत होती. मी काय केलं हे फक्त वहीला ठाऊक होतं.

दुपारी मी चहा घेऊन पुढच्या खोलीत गेले. दारातच थांबले. मावशी पाठमोरी होती, खिडकीशी, काहीतरी गुणगुणत होती. पडद्याचे दोन्ही पल्ले आता रुमालाएवढे होते आणि खोलीभर लख्ख ऊन होतं, फक्त मशीनखाली सावली. त्या सावलीतून तिच्या गाऊनच्या घेरावर एक हात आला होता. अंगठा एका टोकाला, करंगळी दुसऱ्या टोकाला, मध्ये ताणलेली वीत. मोठी वीत. मनगटावर राखी-निळ्या जाड कापडाची बाही, बाहीला काज, काज उसवलेलं. करंगळीच्या नखाने कापडावर सावकाश रेघ ओढली.

खर्र.

मावशीने मागे न बघता गाऊन सोडवावा तसा पाय थोडा हलवला आणि गुणगुणत राहिली. तेवढ्यात तिच्या गाण्यातली एक ओळ कमी झाली. पहिल्या ओळीवरून ती तिसरीवर गेली, अगदी सफाईने.

कप माझ्या हातातून पडला. मी वाकून पाहिलं तेव्हा मशीनखाली फक्त टोपली होती.

८

आज टेलर आला. दारात पिशवी पुढे करून म्हणाला, "मावशींना द्या."

"कुणाच्या मावशींना?"

त्याला थट्टा वाटली. मग तो माझ्याकडे नीट बघायला लागला. "ताई, बरं नाही का? खाली बसून का बोलताय?"

मी उभी होते.

मी पिशवी घेतली आणि दार लावलं. कडी लावायला पाट घ्यावा लागतो. या घरात मी एकटीच राहते, सुरुवातीपासून. घर मोठं आहे, माझ्या मानाने जरा जास्तच. हाक मारली तर पलीकडच्या खोलीतून उशिरा परत येते.

निळ्या वहीत कुणीतरी एका बाईबद्दल लिहिलंय. अक्षर माझ्यासारखं आहे. मनगटावर इस्त्रीच्या टोकाचा डाग, बशीत ओतलेला चहा, डुलकी लागून वाकडी गेलेली ओळ. छान लिहिलंय. अशी बाई असती तर मला तिच्याजवळ राहायला आवडलं असतं. शेवटच्या पानावर एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहून पान भरवलंय. तो मी मोठ्याने वाचून पाहिला. तोंडाला सवयीचा वाटला, कानाला नाही.

टोपलीत आज एक तुकडा मिळाला. बाकीच्यांपेक्षा मऊ, गव्हाळ रंगाचा, ऊबदार, उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखा. मध्ये एक डाग आहे, नावेच्या टोकासारखा. कापड चांगलं असलं की डागाचं काही वाटत नाही. आधी वाटलं बाजूला ठेवावा, का कुणास ठाऊक, तो ठेवून द्यावा असं हाताला वाटत होतं. पण मी ज्यासाठी शिकले, ज्यासाठी परत आले, ते मला अजून आठवतं. ते एवढंच आठवतं.

मी सुई ओवली. चौकोन मापला: माझी एक वीत, बरोबर चार इंच. गोधडीच्या मधोमध लावला, डाग वर येईल असा, कुणाला तरी दिसावा म्हणून. काही वाया जाऊ द्यायचं नाही.

शेवटचा टाका घातला तेव्हा तुकडा माझ्या बोटाखाली एकदा हलला. कुणी गाल थोपटावा तसा. मग सगळं पुन्हा शांत झालं आणि मशीनखालून आवाज आला.